अनूची बॅटरी

आमच्या घरात बॅटरी हा शब्द कुणी उच्चारत नसे. तसा नियम कुणी मोठ्यानं सांगितल्याचं मला आठवत नाही, पण तो उंबरठ्यासारखा होता. येता-जाता पाय आपोआप उचलला जायचा. टॉर्चमधल्या सेलना आम्ही मसाला म्हणायचो. मोबाइल बंद पडला की 'मोबाइल झोपला' म्हणायचो. बाबांचा टेम्पो सकाळी सुरू झाला नाही तर ते ओट्यावरून आत ओरडायचे, "गारीचा तो गेलाय गो." आय आतून विचारायची, "कोन तो?" बाबा म्हणायचे, "तोच." कारण खरी बॅटरी माझ्या बहिणीच्या, अनूच्या अंगात होती. डाव्या खांद्याच्या जरा पुढे, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत. आणि ती तिथे आहे हे आमच्या गल्लीत कुणालाही ठाऊक नव्हतं.

अनू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. नाव अनिता, पण सगळं गाव अनूच म्हणायचं, आणि मीही तिला नावानंच हाक मारायचे. जन्मापासून तिचं हृदय सावकाश चालायचं. हे आम्हांला कळलं ते ती बारा वर्षांची असताना शाळेच्या मैदानावर खो-खो खेळता खेळता पडली तेव्हा. डॉक्टरांनी पेसमेकर बसवला. काडेपेटीपेक्षा लहान, गुळगुळीत, चपटी वस्तू. हृदय विसरलं की ही आतून त्याला ढुशी मारायची. घरात त्या वस्तूचं नाव डबी पडलं. आयनं गल्लीत सांगितलं, पोरीला काविल झाली व्हती. तेव्हापासून अनूच्या पोलक्यांचे गळे वर चढले. मोबाइल उजव्या कानाला धरायचा. मामानं दिवाळीला आणलेली विजेची शेगडी डॉक्टरांनी लांब ठेवा म्हटल्यावर खोक्यासकट माळ्यावर गेली, ती कधी उतरलीच नाही. पाहुणे विचारायचे, शेगडी का वापरत नाही, तर आय म्हणायची, "तिच्यावर भाकरी फुगत नाय."

सानपाड्याच्या जुन्या गावठाणात आमचं घर. चारी बाजूंनी सोसायट्यांच्या इमारती आणि मधे आम्ही, वाट्यांच्या मधे चिमूटभर मीठ वाढावं तसे. खाली आम्ही राहायचो, वर बाबांनी चढवलेल्या दोन मजल्यांवर भाडेकरू. नव्या शहरासाठी जमीन गेली तेव्हा आलेल्या पैशांतून ते मजले उभे राहिले, आणि उरलेल्यातून टेम्पो आला. बाबा तो उरणच्या गोदामांकडे घेऊन जायचे. सकाळी आमच्याकडे दोन आवाज असायचे: मागच्या पडवीत आय भाकरी थापायची तो, आणि वरच्या भाडेकरणीच्या मिक्सरचा. तांदळाच्या भाकरीचा आवाज ओला असतो. हातावर पाणी घेऊन थापताना तो चटचट असा न येता मऊ येतो. मी आज जिथे राहते तिथे भाकऱ्या पिशवीतून विकत येतात, चांगल्या असतात, पण त्या मुक्या असतात. सुकट भाजल्याचा वास वरपर्यंत जायचा आणि भाडेकरीण खिडकी लावून घ्यायची. आय ते बघायची आणि मुद्दाम आणखी मूठभर सुकट तव्यावर टाकायची.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. हे मी अभिमानानं सांगते आहे की भीतीनं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. वाशीच्या कॉलेजात विज्ञान शाखेच्या वर्गात मी बसायचे तेव्हा सगळ्यांत जास्त भीती मला भौतिकशास्त्राची वाटत नसे, तोंड उघडण्याची वाटे. आमच्या बोलीत ण नाही. आम्ही पानी पितो, लोनी खातो, कोन आलाय विचारतो, आणि 'आणि'ला कधी नुसतं 'न' म्हणतो. लिहिताना ण बरोबर यायचा, बोलताना जीभ त्याच्या वाटेला जायची नाही. पहिल्या वर्षी मी वर्गात 'किरनोत्सर्ग' म्हटलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "कोन किरन गो?" असं म्हणालं. हसले सगळे. मीही हसले. मग वर्षभर गप्प बसले.

पुढच्या वर्षी आम्हांला शिकवायला बर्वे मॅडम आल्या. त्यांनी वर्गात एक प्रश्न विचारला होता, तो माझ्या डोक्यातून जाईना. त्या म्हणाल्या, अणुवीज केंद्रात एवढं मोठं काम चालतं, अणू फोडतात, प्रचंड उष्णता निघते; त्या उष्णतेचं आपण काय करतो? कुणी काही, कुणी काही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पाणी उकळतो. वाफ करतो, वाफेनं चाक फिरवतो, चाकानं वीज. म्हणजे अणू फोडला तरी शेवटी चहाचं आधणच. आता मला सांगा, वाफेशिवाय ही वीज काढता येईल का?" मग त्यांनीच सांगितलं की येते. थोडी येते, पण येते. सूर्यापासून फार लांब जाणाऱ्या यानांत तशीच वीज असते. आणि जाता जाता, पुस्तकं गोळा करता करता, त्या म्हणाल्या, एके काळी परदेशात माणसाच्या छातीत बसवायच्या पेसमेकरमध्येही अशा अणूच्या बॅटऱ्या घातल्या होत्या, त्या कित्येक वर्षं चालल्या.

त्यानंतरच्या तासात मी काहीही ऐकलं नाही. कारण आदल्याच आठवड्यात आम्ही अनूला तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी तिच्या खांद्याजवळ एक चकती धरली, समोरच्या पडद्यावर आकडे आले, आणि ते म्हणाले, "अजून चालतेय. पण हिचा दम संपत आलाय. काही महिन्यांत बदलून घ्या. छोटं ऑपरेशन आहे. पण टाळू नका." आय मान हलवून बाहेर आली आणि रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "आता नाय."

'आता नाय'चं कारण होतं नितेश. उरणकडच्या गावचा मुलगा, कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर. महिन्याभरापूर्वी ते लोक अनूला बघून गेले होते आणि त्यांना ती आवडली होती. अनूलाही तो आवडला होता, हे तिनं मला सांगितलं नाही, पण ती भांडी घासताना गाणं म्हणायला लागली होती. आता साखरपुड्याची बोलणी व्हायची होती. बाबा म्हणाले, सांगून टाकू या.

आय म्हणाली, "सांगा. न मंग पोरीला घरान ठेवा जल्मभर."

"फसवाचा का लोकांना?"

"फसवाचा नाय. मागनं सांगाचा. लगीन होऊं दे, एक दोन म्हयने जाऊं दे, मंग ती डबी बदलू. आता नवी चीर परली तं हलदीला कोनाला काय सांगू?"

"न तवर ती बंद परली तं?" अनूनं विचारलं. ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता विचारलं.

आयनं तिच्याकडे बघितलं नाही. "त्वांड आवर," एवढंच म्हणाली. पण त्या रात्री ती उठून अनूच्या अंथरुणाजवळ बसलेली मी पाहिली. तिनं अनूच्या मनगटावर बोटं ठेवली होती. तिला नाडी बघता येत नव्हती. ती नुसती बोटं ठेवून बसली होती.

मला आज कळतं की आय क्रूर नव्हती. तिला दोन गोष्टींची भीती होती आणि त्यांतली एक गल्लीभर दिसणारी होती. दुसरी कातडीच्या आत होती. दिसणारीशी ती लढत होती.

मॅडमना मी धीर करून विचारलं, अशी अणूची बॅटरी आता मिळते का? त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, पण का विचारतेस असं विचारलं नाही. म्हणाल्या, आता कुणी बनवत नाही. त्यात प्लुटोनियम होतं, ते विषारी. ती बॅटरी बसवलेल्या माणसावर जन्मभर लक्ष ठेवावं लागायचं, माणूस गेला की ती काढून परत घ्यावी लागायची. डबी जळणार नाही अशी बनवलेली असायची, पण तरी. मग साध्या बॅटऱ्या चांगल्या निघाल्या आणि हे मागे पडलं. मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि त्याचं कारण मला सांगता येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "विषय आवडलाय ना? मग बोल यावर. बेलापूरला मराठीतून विज्ञान-भाषणांची स्पर्धा आहे. आपल्या कॉलेजचं एक नाव द्यायचंय." मी म्हटलं, मला ण येत नाही. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला जीभ कुठे लावायची ते दाखवलं. टोक वर वळवायचं, टाळूला टेकवायचं आणि सोडायचं. "बाणातला ण. अनू नव्हे, अणू. घरी मोठ्यानं म्हण, रोज."

मी घरी मोठ्यानं म्हणायला लागले. मागच्या पडवीत, चुलीच्या शेजारी. मॅडमनी प्रयोगशाळेतून मला एक पांढरी चौकोनी चकती दिली होती, पापडाच्या लाटीएवढी, दोन वायरी बाहेर आलेली. तिच्या आत दोन वेगवेगळ्या जातीच्या धातूसारख्या पदार्थांचे बारीक तुकडे जोडीजोडीनं बसवलेले असतात. एक बाजू तापवली आणि दुसरी गार ठेवली की त्या जोड्यांतून आपोआप वीज वाहायला लागते. चाक नाही, पाणी नाही, वाफ नाही. आय मासळीबरोबर आणलेला बर्फ परातीत ठेवायची. मी त्यातला तुकडा एका वाटीत घेऊन ती चकतीच्या वर ठेवायचे, खाली कोमट झालेला तवा, आणि वायरींना एक लाल दिवा. तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. पहिल्यांदा तो लागला तेव्हा आय भाकरी हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "भाकरीच्या तव्यावर दिवा! न बिल नाय?"

या सगळ्यात माझी श्रोती अनू. मी म्हणायचे, "अणूची बॅटरी म्हणजे काय, तर..." आणि चारपाच वाक्यं बरी जायची. मग विषयात शिरले की जीभ घरी परतायची आणि मी म्हणायचे, "अनूची बॅटरी..."

"हजर!" अनू म्हणायची. शाळेत हजेरी घेताना म्हणतात तसं, हात वर करून.

घरात त्या शब्दाला बंदी होती आणि आता तो दिवसातून कितीदा तरी पडवीत मोठ्यानं म्हटला जात होता. आयनं सुरुवातीला हातातलं उलथनं खाली ठेवलं होतं. पण हा कॉलेजचा शब्द होता, त्याला काही म्हणता येईना. उलट हळूहळू ती माझी चूक धरायला लागली. "'न' आला, 'न' आला. परत," असं चुलीकडे तोंड करून म्हणायची. अनूला त्यात फार मजा वाटे. मी सांगितलं की त्या जुन्या बॅटरीला माणूस जाळला तरी काही होत नसे, तर ती म्हणाली, "म्हंजे मी मेले तरी बॅटरी चालूच? मंग आन घरी, न टीव्हीला लाव." मी तिला उशी फेकून मारली. ती हसत होती, पण तिनं हात खांद्याजवळ नेला होता. त्या दिवसांत ती जिना चढून वर कपडे वाळत घालायला जायची नाही. मला घाल म्हणायची, आणि मी का ते विचारत नव्हते.

नितेशकडची मंडळी यायची होती त्या दिवशी सकाळपासून घरात जिताड्याचं कालवण शिजत होतं. आयनं मला बजावलं होतं, तू मागं रहा, तुझा तो बर्फ न वायरी पुढं नकोत. पाहुणे दुपारी जेवायला येणार होते. पण पुढच्या गल्लीत कुणाच्या तरी हळदीचा मांडव उभा राहिला होता, गल्ली बंद, डीजेचे खोके रचायचं काम चाललेलं. मंडळी लवकर निघाली होती, गाडी नाल्याकडे लावून मागच्या बोळातून चालत आली. आमची पडवी त्या बोळाला लागून आहे, मधे फक्त जाळीची खिडकी. मी त्या खिडकीकडे पाठ करून उभी होते आणि भाषण म्हणत होते. दोन दिवसांनी स्पर्धा होती. मी डोळे मिटले होते.

मी जे म्हणत होते ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "अनूची बॅटरी छातीत, कातडीखाली बसवलेली असते. तिच्याशिवाय हृदय चालत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ती कळतही नाही. पण कुठलीही बॅटरी कायमची नसते. अनूच्या बॅटरीचं अर्धं आयुष्य..."

"हजर" असं कुणी म्हणालं नाही, म्हणून मी डोळे उघडले. अनू पडवीच्या दारात हातात ताट घेऊन उभी होती आणि माझ्या मागे बघत होती. मी वळले. जाळीच्या पलीकडे नितेशची आत्या होती. सगुणाआत्या. अंगानं भरलेली, कपाळभर कुंकू, हातात मिठाईचा पुडा. तिच्या मागे नितेशचे वडील आणि नितेश. ती किती वेळ उभी होती ते मला माहीत नाही. पुरेसा वेळ.

आत घेणं, पाणी देणं, बसा बसा, हे सगळं झालं. बाबांनी पंखा वाढवला. पुढच्या गल्लीतून डीजेवाला "हॅलो, चेक, चेक" असं म्हणत होता. आत्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि थेट माझ्याकडे बघून विचारलं, "बाय, ती अनूची बॅटरी म्हंजे काय गो?"

माझं उत्तर तयार होतं. ते उत्तर खरं होतं. मी अणूबद्दल बोलत होते. कागद माझ्या हातात होता, त्यावर ण काढलेला होता. मला फक्त तो कागद दाखवायचा होता. पण माझी जीभ टाळूला चिकटली ती सुटेना, कारण मला दिसत होतं की हे खरं उत्तर दिलं की ते खोटं होणार आहे.

आणि तेवढ्यात आय बोलली. "अणूची," ती म्हणाली. "अनूची नाय, आत्याबाय. अणूची. कालेजचा शब्द हाय. अणू."

जन्मभर पानी म्हणणाऱ्या माझ्या आयनं ण म्हटला. स्वच्छ, जीभ वर वळवून, बर्वे मॅडमना मान हलवावी लागली असती असा. चुलीकडे तोंड करून ती एवढे दिवस माझ्याबरोबर घोकत होती, ते मला तेव्हा कळलं. बाबा जमिनीकडे बघत होते. आयच्या वरच्या ओठावर घाम होता.

"अनू?" आत्या म्हणाली.

"अणू," आय म्हणाली. दुसऱ्यांदा.

नितेशचे वडील हसले. "आपल्याला सगलं सारकंच," ते म्हणाले. "मना वाटला आपल्या सुनंलाच बॅटरी बसवली का काय." नितेशही हसला. बाबा हसल्यासारखं करायला गेले आणि त्यांना खोकला आला. आत्या मात्र हसली नाही. तिनं माझ्याकडे बोट केलं. "तू सांग बाय. तू बोलत व्हतीस. छातीन बसवलेली, वरनं कलत नाय, आनि ता अर्धा आयुष. कोनाचा अर्धा आयुष? मंग ती अनूची नाय ना?"

आय माझ्याकडे बघत होती. तसं बघणं मी तिच्या डोळ्यांत आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढेही पाहिलं नाही. ती मला आज्ञा करत नव्हती. मागत होती.

"हजर," अनू म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. फक्त मला आणि आयला. अनूनं हातातलं ताट पाटावर ठेवलं, पदर नीट केला आणि सगुणाआत्यासमोर येऊन उभी राहिली. "दोनी हायत आत्या. ती बोलते ती अणूची. न माजी हाय ती अनूची." तिनं खांद्याजवळ बोट ठेवलं. "इथं. धा वरसं झाली. आता संपाला आलीय, बदलाची हाय. अर्धा आयुष तिच्या बॅटरीचा. माजा नाय. मना डॉक्टर बोलला, नीट बदलत रायली तं म्हातारी व्हशील."

डीजेवाल्याचं चेक चेक संपलं होतं बहुतेक, कारण मला मागच्या पडवीतलं कालवण खदखदल्याचा आवाज ऐकू आला.  नितेश अनूकडे बघत होता आणि मग त्यानं वडलांकडे बघितलं. वडलांकडे बघायची गरज नव्हती, पण त्यानं बघितलं. मला वाटतं, अनूला तेव्हाच कळलं.

सगुणाआत्या उठली. मला वाटलं चालली. ती अनूजवळ आली, तिच्या पोलक्याच्या कडेशी बोट नेलं आणि मधेच थांबवलं. "दुखतं का गो?" तिनं विचारलं.

दहा वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अनूनं नाही म्हणून मान हलवली आणि मग तिला जे रडू आलं ते बाबांनाही आवरेना. मंडळी जेवली. जेवणावरून उठून जायची आमच्याकडे रीत नाही. जिताड्याच्या डोक्याचा तुकडा आयनं आत्याच्या ताटात वाढला, तो तिनं परत केला नाही. साखरपुड्याचं कुणी काढलं नाही. जाताना मिठाईचा पुडा मात्र ती ठेवून गेली.

चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका पुन्हा दाखवली, ती जुळत नाही. पत्रिका आधी जुळलेली होती. अनूनं निरोप ऐकला, आत गेली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "भूक लागलीय. सुकट भाज." आयनं सुकट भाजली. वरच्या भाडेकरणीनं खिडकी लावली. आयनं त्या दिवशी तिकडे बघितलंही नाही.

मधलं एक सांगायचं राहिलं, की स्पर्धा माझी हुकली. बाबांनी पाहुणे गेले त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला होता. आता लपवायला काही उरलं नव्हतं, मग वाट कशाला बघायची? डॉक्टरांनी जो दिवस दिला तो नेमका स्पर्धेचा. मॅडमना मी कळवलं. पहिल्यांदाच खरं कारण सांगितलं, ण आला की न, हे न बघता. त्या म्हणाल्या, "तू तिथेच थांब."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर आम्ही तिघं बसलो होतो. बाबा उठून पुन्हा पुन्हा पाणी पिऊन येत होते. छोटं ऑपरेशन आहे हे आम्हांला माहीत होतं. पण मला आणखीही काही माहीत होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. जुनी डबी काढायची म्हणजे तिची तार सोडवायची आणि नव्या डबीला जोडायची. अनूचं हृदय त्या तारेवर होतं. डॉक्टरांनी मला समजावलं होतं की मधल्या वेळेसाठी ते बाहेरून आधार देतात, काही होत नाही. तरीही तार सुटलेली असण्याचा तो क्षण कुठला असेल, आत्ताचा की नंतरचा, हाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता. भिंतीवर घड्याळ नव्हतं. बरं झालं.

आय म्हणाली, "तुजा भाषन सांग."

"आता?"

"मंग कवा? तिकरं नाय गेलीस ना. मना सांग. येल जाईल."

मी सांगायला लागले. पहिलं वाक्य कागदावरचं म्हटलं आणि पुढे जमेना. मग मी आमच्या बोलीत सांगितलं. मी म्हटलं, आय, अनू म्हंजे लय बारका कन, डोल्यांना दिसत नाय इतका. मोठ्या कारखान्यान त्यांना फोरतात, न जी आग निगते तिच्यावर पानी उकलतात. पन काही अनू असं असतात की त्यांना कोनी फोरावा लागत नाय. आपोआपच तुटतात, हलूहलू, वरसानुवरसं, न तुटताना गरम व्हतात. चूल विजली तरी तुजा तवा गरम रातो ना, तसं. पन हा तवा पन्नास वरसांनी पन गरमच.

"न पानी?"

"पानी नाय. छातीन पानी कंय उकलवाचा? बारक्या डबीन चाक कंय फिरवाचा? म्हनून त्या गरम कनाला दोन जातीच्या पट्ट्या जोरून लावतात. एक टोक गरम, एक गार. तू बघितलास ना, माजा दिवा."

"वाफेबिगर," आय म्हणाली.

"वाफेबिगर."

 तिच्या हातात अनूच्या बांगड्या होत्या, आत जाताना काढून दिलेल्या. त्या ती एकेक करून स्वतःच्या बोटांवर चढवत होती आणि उतरवत होती. "भात नाय व्हनार वाफेबिगर," ती म्हणाली. "पन येवढा सगला आत कोंडून, कोनाला न कलता, वाफ बी न सोरता..." तिनं शेवटची बांगडी बोटावरून उतरवली. "त्या डबीला कसा जमतं गो?"

 भौतिकशास्त्रातलं उत्तर मला आलं असतं, पण ती ते विचारत नव्हती. दार उघडलं तेव्हा ती बाबांच्याही आधी उभी राहिली, आणि डॉक्टरांनी तोंडावरचा कपडा खाली केला तो हसण्यासाठी, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. तिची पाठ एकदम सैल पडली होती.

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी बोलले आहे. शिकवते मी आता, आणि अणू बरोबर म्हणते. मुलांनी अनू म्हटलं तर ऐकून घेते, थांबवत नाही. समजलं असेल तर ण मागून येतो. अनूचं लग्न पुढे झालं, कुणाशी आणि कसं ही गोष्ट तिची आहे, ती मी सांगणार नाही. ती आमच्याच गावठाणात, वरच्या मजल्यावर राहते. भाडेकरीण गेली. अनूच्या खांद्याखाली आता तिसरी डबी आहे.

आय मात्र परत कधी ण म्हणाली नाही. मी एकदा मुद्दाम म्हणायला लावलं, तर म्हणाली, "मना नाय येत." त्या दिवशी कसा आला, हे आम्ही कुणी तिला विचारलेलं नाही. गेल्या महिन्यात मी घरी गेले होते. वरून विमान गेलं, आता सारखी जातात, आणि त्याचा आवाज सरेपर्यंत आय ओट्यावर कंबरेवर हात ठेवून थांबली. समोर दोन शेजारणी मासे साफ करत होत्या, बोळातून पोरं चालली होती. आवाज सरला तशी तिनं मान वर केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "गो, अनूची बॅटरी दाखवाला जायाचाय ना आज?"

वरून, वाळत घातलेल्या कपड्यांमागून, उत्तर आलं. "हजर!"